रविवार कोणाचा?

(घरकामगार आणि कारखाना-कामगारांच्या घरच्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी मला 'कुटुंबातला एक आठवडा' असा विषय दिला गेला. हुंडा, मारहाण, पोटगी, वारसाहक्क यांवर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण ज्या सोमवार ते रविवारात हे सगळं घडतं, तो आठवडा कोणाच्या जिवावर चालतो, त्यात बाईला बरं कधी वाटतं आणि ती रडकुंडीला कधी येते, यासाठी व्यासपीठ मिळत नाही. ते बोलणं नळावर होतं, आणि पाणी गेलं की थांबतं.

मी काम करते तो भाग पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांलगतचा. तिथल्या घरांत आठवडा एक नसतो, चार-पाच असतात. इथल्या बऱ्याच कारखान्यांना आणि वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार दिले गेले, त्यात आमच्याकडे गुरुवार आला. शाळेला सुट्टी रविवारी. सोसायट्यांमध्ये धुणं-भांडी करणाऱ्या बाईला रविवारी सुट्टी नाहीच. उलट त्या दिवशी मालक-मालकीण घरी, पाहुणे असतात, भांड्यांचा ढीग दुप्पट. म्हणजे नवरा घरी गुरुवारी, पोरं घरी रविवारी आणि बाई दोन्ही दिवशी कामावर.

पाण्याचं गणित आणखी वेगळं. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. आठवड्याचे दिवस सात. म्हणजे या आठवड्यात पाणी सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार आलं, की पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार. पुरुषाचा आठवडा सात दिवसांचा आणि बाईचा चौदा दिवसांचा! हा हिशोब आम्हाला वस्तीतल्या सातवीच्या एका मुलीने पाटीवर मांडून दाखवला. शिवाय कर्जाच्या गटाचा हप्ता मंगळवारी सकाळी. त्यामुळे सोमवारची रात्र कशी जाते ते तुमच्यातल्या निम्म्याजणी मला सांगू शकाल. आठवडे बाजार बुधवारी. उपास सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, ज्याच्या त्याच्या देवाप्रमाणे. उपास बाईचा असो की पुरुषाचा, स्वयंपाक दोन होतात आणि करणारी एकच असते. मुसलमान बहिणींच्या घरी शुक्रवारची घाई, ख्रिस्ती बहिणींकडे रविवारी सकाळी चर्च, बौद्ध घरांत रविवारी विहारातली वंदना. धर्म कुठलाही असो, सगळ्यांचे कपडे आदल्या रात्री कोण धुतं, हे विचारायची गरज नाही.

आमच्या गटात वीसेक बाया आहेत. आम्ही एकदा ठरवलं की प्रत्येकीने एका आठवड्याची वही लिहायची. उठले किती वाजता, काय केलं, बसले कधी, कोण काय बोललं. आणि एक अट घातली : चांगलं काय वाटलं तेही लिहायचं, नुसतं रडगाणं नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या मुलांनी लिहिल्या. त्यात एका बाईचा नववीतला मुलगा होता. दोन दिवस त्याने आईच्या मागे फिरून नोंदी केल्या. तिसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, "आई, तू बसलीस की मला हाक मार, मला तसं लिहायचंय." त्या आठवड्यात त्याला ते दोनदा लिहायला मिळालं. एकदा ती तांदूळ निवडायला बसली होती.

वह्या वाचल्या त्या दिवशी आम्ही खूप हसलो, हे आधी सांगते. चांगल्या गोष्टी खरोखरच निघाल्या. बुधवारी बाजारातून परतताना शेजारणीबरोबर उसाचा रस प्यायला, पैसे तिने दिले. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून पोरं आणि आई दुपारी एका ताटाभोवती जेवली, दिवसातलं पहिलं गरम जेवण. सासूने स्वतःहून डोक्याला तेल लावून दिलं आणि लावता लावता स्वतःच्या सासूबद्दल बोलली. नवऱ्याने पगाराच्या दिवशी भजी आणली, तीही मोजून सगळ्यांना पुरतील अशी. कुटुंबात सुख नाही असं म्हणणारी मी बाई नाही. पण वह्यांतलं सुख पाहिलं की ते कशात आहे ते कळतं. ज्या ज्या वेळी दुसऱ्या कोणीतरी हात पुढे केला किंवा बाईला पंधरा मिनिटं कोणी उठवलं नाही, त्या त्या वेळी 'बरं वाटलं' असं लिहिलेलं आहे. दागिन्याचं, साडीचं सुख एकाही वहीत नव्हतं. तसा तो आठवडा सणाचा नव्हता म्हणा.

आणि त्रासाचे वार कोणते निघाले? मला वाटलं होतं सोमवार, हप्त्यामुळे. तसा तो होताच. पण सर्वांत जास्त दुखरे दिवस निघाले ते सुट्टीचे. नवऱ्याची सुट्टी गुरुवारी असेल तर गुरुवार, आणि सगळ्यांच्याच घरी रविवार. रविवारी उठायला उशीर चालतो तो इतरांना. चहाच्या तीन पाळ्या, नाष्टा वेगळा, दुपारी मटण किंवा चिकन असलं तर सकाळपासून वाटण. आठवड्याच्या गणवेशाचं धुणं, जळमटं, दळण, उंबऱ्यात पाहुणे. जेवायला बसेपर्यंत पातेल्यात रस्सा उरलेला. एका वहीत एवढंच वाक्य होतं : "रविवार. फोडी संपल्या." ज्या घरात दारू आहे त्या घरातला सुट्टीचा दिवस तर बाई डोळ्यांत तेल घालून काढते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सल्ला केंद्राच्या पायरीवर चपलांची संख्या वाढते, हे वर्षानुवर्षं केंद्र चालवणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा. २०२० च्या टाळेबंदीत तर महिनोन्‌महिने सलग रविवारच आले होते.

इथे मला थोडा इतिहास सांगायचा आहे, कारण हा रविवार आकाशातून पडलेला नाही. तो मागून, भांडून घेतलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा आपल्या लोकांना तोच दिवस हवा, असंही त्यांचं म्हणणं सांगितलं जातं. पुढे २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. विचार करा, १८९० साली, दहा हजारांपुढे, ध्वनिक्षेपक नसताना! त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली, आणि स्त्री-कामगारांचा दिवस अकरा तासांपेक्षा जास्त नसावा हेही आलं.

म्हणजे रविवारच्या सुट्टीसाठी बाया बोलल्या आहेत. ती सुट्टी मिळाली, गिरणीचा भोंगा त्या दिवशी थांबला, पण चूल थांबली नाही. गिरणीत जाणाऱ्या बाईचा सहा दिवसांचा साठलेला घरचा गाडा त्या एका दिवसात ओढायचा ठरला. पुरुषाला विश्रांती मिळाली आणि बाईला वेळ मिळाला, तोही कामासाठी. या दोन गोष्टींतला फरक गेली सव्वाशे-दीडशे वर्षं कुणी फार मनावर घेतलेला नाही. कामगार संघटनांनीही नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, हे वीस बायांच्या वह्यांवरून बोलतात. तर सरकारच्या वह्याही बघू. १९९८-९९ मध्ये केंद्र सरकारने सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण गुजरात आणि मध्य प्रदेश हे शेजारी होते. त्या पाहणीने आठवड्याचा हिशोब मांडला. कमाईचं, शेतीचं, उत्पादनाचं म्हणून धरलं जातं असं काम : पुरुष आठवड्याला सुमारे ४२ तास, बाया सुमारे १९ तास. घरकाम आणि माणसांची देखभाल : बाया साडेचौतीस तासांच्या वर, पुरुष साडेतीन तासांच्या आसपास. बेरीज केली तर बाई सुमारे ५३ तास, पुरुष सुमारे ४६. आणि तरी 'आमची ही काही करत नाही, घरीच असते' हे वाक्य आपण ऐकत आलो.

नंतर २०१९ मध्ये देशभर पाहणी झाली, पुन्हा २०२४ मध्ये. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडून विचारलं गेलं. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामातली रोजची २९९ मिनिटं निघाली, २०२४ मध्ये २८९. जे पुरुष घरकाम करतात त्यांची २०१९ मध्ये ९७ आणि २०२४ मध्ये ८८. जे करतात त्यांची, बरं का. शंभरातल्या सुमारे ऐंशी बाया रोज घरकाम करतात, पुरुष सत्तावीसेक. गॅस, मिक्सर, कुठे नळ, यांनी पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचवली असं समजलं, तर पुरुषांनी लगोलग आपली नऊ मिनिटं काढून घेतलेली दिसतात! २८९ ला सातने गुणा. आठवड्याचे तेहतीस तास बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं होतात. कारखान्यात चार पाळ्या भरल्या तरी एवढे तास होत नाहीत, आणि हे तिच्या बाहेरच्या नोकरीशिवायचे.

तर वह्या वाचून झाल्यावर आमच्या गटाने एक साधी गोष्ट ठरवली. आठवड्यातले तीन तास. वार आणि वेळ आधी सांगून, घरच्यांना कळवून, त्या तीन तासांत घरचं कोणतंही काम करायचं नाही. आजारपण आलं तर गोष्ट वेगळी. मोठी मागणी करावी असं काहीजणींचं म्हणणं होतं, पूर्ण दिवस मागा म्हणून. मला तीन तासच बरे वाटले, कारण तीन तासांत कोणी उपाशी मरत नाही हे कुणालाही पटवता येतं.

काय झालं ते जसं झालं तसं सांगते.

पहिल्या आठवड्यात काहीजणींनी घेतले, काहीजणींना तोंडच उघडवलं नाही. ज्यांनी घेतले त्यांनी त्या वेळात काय केलं? बहुतेक जणी झोपल्या. एक माहेरी गेली, दोघी बागेत जाऊन बसल्या आणि घरी भाजी आहे का याचीच चर्चा करून आल्या. एकीला काय करावं सुचेना, तर ती गटाच्या खोलीवर आली आणि खोली झाडून, फरशी पुसून काढली. आम्ही तिला खूप चिडवलं. पण घरी कामाशिवाय बसलेली बाई तिने आयुष्यात पाहिलेलीच नव्हती, ना आई, ना सासू. कशी बसायची ते ती कुठून शिकणार?

दुसऱ्या आठवड्यात खरी अडचण दिसली. आई तीन तास उठली आणि ते काम सरळ मुलीच्या अंगावर गेलं. अकरा-बारा वर्षांच्या मुली. भाऊ क्रिकेट खेळायला, बहीण भांड्यांपाशी. एका मुलीने आपल्या आईला विचारलं, "तुझी सुट्टी माझ्याकडून का घेतेस?" गटात त्यावर दीड तास वाद झाला. कोणी म्हणे, पोरीच्या जातीला काम आलंच पाहिजे. कोणी म्हणे, मग पोराच्या जातीला काय भूक लागत नाही? दुसऱ्या एका घरात ते काम सासूकडे गेलं. त्या आजी म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं घेतली नाही, आता तिची पण मीच भरू?" आजींचं बरोबर होतं. पन्नास वर्षांची थकबाकी कोणी भरायची? शेवटी गटाने अट वाढवली : तीन तासांतलं काम घरातल्या दुसऱ्या बाईकडे जाता कामा नये. ते पुरुषाने करायचं, मुलाने करायचं, नाहीतर तसंच पडू द्यायचं. आणि आजींनाही त्यांचे तीन तास.

या अटीनंतर घराघरात चढउतार सुरू झाले. तोवर 'बायकांचं काहीतरी चाललंय' म्हणून पुरुष हसत होते. एका घरी नवऱ्याने खिचडी केली. करपली, पण केली. त्या खिचडीचं कौतुक सबंध गल्लीत आठवडाभर पुरलं, आणि त्याची बायको म्हणाली की माझ्या पंधरा वर्षांच्या भाकरीचं कुणी तोंड उघडून नाव घेतलं नव्हतं. तरी ती खूश होती, आणि तिचं खूश असणं मला खोटं वाटत नाही. एका घरी बापलेक वडापाव आणायला लागले. तीन तासांचे दीड-दोनशे रुपये जाऊ लागले, ते घरखर्चातून, मग तिनेच हिशोब करून सुट्टी बंद केली. मुलाला भाकरी थापायला शिकवणारी एक निघाली. तो आता थापतो, दार लावून.

आणि एका घरी ताट भिरकावलं गेलं. गुरुवार होता, नवरा घरी. तिने आठ दिवस आधी सांगितलेलं, स्वयंपाक झाकून ठेवलेला, फक्त वाढून घ्यायचं होतं. वाढून घ्यायचं, एवढंच. ती परत आली तेव्हा कपाळाला खोक पडली. रात्री ती केंद्रात आली. आधी दवाखाना केला, नोंद केली. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिला समजावून सांगितला, की मारच नव्हे, तर घालूनपाडून बोलणं, पैसे अडवणं, घराबाहेर काढण्याची धमकी हीसुद्धा हिंसा आहे आणि राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. तक्रार करायची का, ते तिने ठरवायचं होतं. ती म्हणाली, "आत्ता नको. पण मला माझे तीन तास पाहिजेत, ते सोडणार नाही." आम्ही चौघी तिच्याबरोबर घरी गेलो. तो म्हणाला, बाहेर जाऊन काय दिवे लावते ते तरी कळू दे. आमच्यातली सर्वांत वयस्कर मावशी त्याला म्हणाली, "झोपते रे बाबा. आमच्या खोलीवर येऊन झोपते. ये बघायला." तो गप्प झाला. पुढच्या गुरुवारी तो खरंच आला, दारातून बघून गेला. ती सतरंजीवर झोपली होती.

हे प्रकरण मिटलेलं नाही. गुरुवारी तो तिच्याशी बोलत नाही. हात उचललेला नाही, पण उचलणार नाही असंही तो म्हणत नाही. नोंद आमच्याकडे आहे, शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवलंय. तीन तासांच्या झोपेसाठी बाईला एवढी तयारी करावी लागते.

आता काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात की हा किरकोळ प्रश्न आहे. बलात्कार होताहेत, मुली मारल्या जाताहेत आणि तुम्ही सुट्टी मागता! मला हे पटत नाही. ताट कशावरून भिरकावलं गेलं ते बघा. बाईचा वेळ हा आपला आहे, तो विचारल्याशिवाय तिने खर्च केला, यावरून. पगारावरून, चारित्र्याच्या संशयावरून जी मारहाण होते तिच्या मुळाशीही हीच मालकी सापडते. शिवाय वेळेशिवाय बाई बैठकीला कशी येणार, कोर्टाची तारीख कशी गाठणार, ग्रामसभेला कशी बसणार? आमच्या गटाची बैठक म्हणूनच मंगळवारी दुपारी हप्ता भरून झाल्यावर असते, रविवारी नाही. रविवारी मेळावा ठेवायचा आणि बाया उशिरा येतात म्हणून कुरकुरायचं, ही पद्धत अनेक संघटनांत आहे. संघटनांनी आपले वार तपासावेत.

दुसरा आक्षेप असा येतो की घर म्हणजे काय कारखाना आहे का, तिथे माया असते, हिशोब नसतो. माया असतेच. पण मायेचा वार कोणता आणि हिशोबाचा कोणता, हे नेहमी दुसऱ्यानेच का ठरवायचं? आइसलँड नावाचा एक लहानसा देश आहे. तिथल्या बायांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला, शुक्रवारी, एक दिवस काम बंद ठेवलं. नोकरीचं, घरचं, मुलांचं, सगळं. नव्वद टक्के बाया सामील झाल्या असं सांगतात. बाप पोरांना घेऊन कामावर गेले, झटपट शिजणारे पदार्थ दुकानांतून संपले. तिथली माया त्या दिवशी आटली असं काही ऐकिवात नाही. आपल्याकडे पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि पगारी रजा मागितली, तेव्हाही मालकिणी म्हणाल्या होत्या की आम्ही तर तिला घरातलीच समजतो. घरातली समजणं आणि सुट्टी न देणं ही जोडी जुनी आहे.

मागण्या मांडायच्या तर दोन-तीनच मांडते. घरकामगार बहिणींना आठवड्याची ठरलेली पगारी सुट्टी मिळाली पाहिजे. राज्यात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्याने सुट्टीचा वार दिलेला नाही. पाण्याची वेळ आणि वार पालिकेने बायांना विचारून ठरवावेत. रात्री अडीचला येणारं पाणी कोण भरतं, हे अभियंत्यांना माहीत नसतं असं नाही. आणि तिसरी मागणी सरकारकडे नाही, ती घरात करायची आहे, तिच्यासाठी मोर्चा काढता येत नाही. म्हणून गट लागतो.

तुम्ही बरोबर कोऱ्या वह्या आणल्या आहेत असं संयोजक ताई सांगत होत्या. येत्या सोमवारी पहाटेपासून सुरू करा. उठल्याची वेळ, बसल्याची वेळ, आणि ताटात काय उरलं होतं. पाणी कोणत्या वारी आलं तेही कोपऱ्यात लिहा. पुढच्या बैठकीला आमच्या गटातल्या दोघी येतील, एक त्या खिचडीवाल्या घरची आणि दुसरी ती आजी. आजी आता दर शनिवारी दुपारी देवळाच्या ओट्यावर बसतात. विचारलं तर म्हणतात, कीर्तनाला आले. शनिवारी तिथे कीर्तन नसतं.